तेलकट काचेवरचा भरवसा

धुळ्याच्या दलालाने मला फसवलं. चीनच्या कंपनीने नाही. हे आधीच सांगतो, कारण जळगावात लोक अजून मला उलटंच ऐकवतात.

माझी डाळमिल आहे. शाळा लवकर सुटली; धुळ्याच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत वर आलो. रंग बघून डागी डाळ वेगळी काढणारं चिनी यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याच बाजारातले एक जुने दलाल मध्ये पडले. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना नाना म्हणतो. माझा प्रश्न एकच होता : आम्ही डाळीला तेलाचा हात देतो, ती या यंत्रात चालेल का?

"कंपनीले इस्वास शे, भाऊ. बठ्ठं बोलणं व्हयेल शे," नाना अहिराणीत म्हणाले, म्हणजे कंपनीला विश्वास आहे, सगळं बोलणं झालंय; आणि रुमालाखाली माझी बोटं दाबली. त्यानंतर आमच्यात कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. मीही विचारलं नाही.

यंत्र बसलं. थोड्याच वेळात कॅमेऱ्याच्या काचेवर तेल आणि भुकटीचा थर चढला, आणि चांगली डाळ डागी म्हणून बाहेर पडू लागली. जोडणीला आलेल्या चिनी इंजिनिअर बाईंवर मी तोंड सोडलं. माझी मुलगी त्यांना इंग्रजीत सांगत होती.

"म्हणावं, तुमच्यावर विश्वास ठेवला, हेच चुकलं."

बाई रागावल्या नाहीत. "कोणता विश्वास?" त्यांनी विचारलं.

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली, "त्या टाळत नाहीयेत."

इंग्रजीत सगळं 'बिलीव्ह' या एकाच शब्दात बसतं, बाई सांगत होत्या. माणसावरचा भरवसा तोच, आणि नुसतं 'आम्हाला वाटतं' तेही तोच. चिनीत विचार करून बनवलेलं मत वेगळं, भरवसा वेगळा. तिसरा एक शब्द तर बहुतेक वेळा खोट्या ठरलेल्या समजुतीलाच वापरतात.

"तो मला लागू," मी म्हणालो. बाई हसल्या. मग त्याच तेलकट काचेवर त्यांनी बोटाने भरवशाचं अक्षर काढलं. डावीकडे उभा माणूस, उजवीकडे त्याचं बोलणं.

मी बघतच राहिलो. तोंडातली शिवी विरून गेली. मुलीने फोनवर शोधून सांगितलं, इंग्रजी शब्दाचं मूळ 'प्रिय' या अर्थाच्या जुन्या शब्दाशी जुळतं. कुठल्या तरी थंड देशात कोणी जिवलगात भरवसा शोधला, चीनमध्ये कोणी माणसाला त्याच्या शब्दाशेजारी उभं केलं, आणि आम्ही खानदेशात तो एका अक्षराविना बोटांवर चालवत आलो. एवढं जुनं, एवढं मोठं काही माझ्या मिलच्या भुकटीत लिहिलेलं होतं. अंगावर काटा आला.

मग डोकं ठिकाणावर आलं. "कंपनीने मला यातलं काय दिलं होतं?"

"मत," बाई म्हणाल्या. "नमुन्याची डाळ बघून. आम्ही तुमच्याच मिलची डाळ मागितली होती. आली ती कोरडी होती. तेलाचं आम्हाला कोणी सांगितलं नाही."

माझ्या मिलमधून कोरडी डाळ बाहेर जात नाही. नमुन्याचं पोतं मी स्वतः नानांच्या गाडीत ठेवलं होतं.

यंत्र बंद पडून आहे. भुसावळचं जुनं गिऱ्हाईक दुसऱ्या मिलकडे गेलं. फोन केला की नाना म्हणतात, इंग्रजीत घोळ झाला. नाना, घोळ इंग्रजीत झाला असेल, पोत्यात कसा झाला? माझी डाळ कुठे गेली, आणि चीनला कोणाची पाठवलीत? बैलबाजारात चारचौघांसमोर या आणि सांगा.