हिम्मतरावांची नव्वद मीटर वायर

विद्यानगरच्या त्या चार मजली इमारतीत बावीस घरं, आणि बावीसही घरांत इंटरनेटची वायर हिम्मतरावांनी ओढलेली. अंबरपेठेत त्यांचं दुकान: एक शटर, एक टेबल आणि छताला टांगलेली वायरची वेटोळी. त्यांचे आजोबा परभणीकडची शेती सोडून इथं आले. हिम्मतरावांच्या मराठीत इथली दखनी बोली कधी मिसळली, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

त्यांची एक सवय होती. वायर नेमकी मापात कापायची नाही. प्रत्येक घरात दहा-बारा मीटर जास्तीची, गुंडाळून टीव्हीमागं सोडायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आज वायफायचा डबा हॉलात हाय. उद्या पोरगी दहावीला गेली की तिच्या खोलीत जातो. तेव्हा काय करता?" घरातली माणसं कशी सरकत जातात, कोण कोणत्या खोलीत एकटं बसू लागतं, हे त्यांना वायरीवरून कळायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मिलिंदला, पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला, ते वेटोळं बघवेना. गणपतीची आरास करताना त्यानं ते कापून टाकलं आणि ऑनलाइन मागवलेल्या पकडीनं टोकाला नवा प्लग बसवला. पुढं एकदा स्पीड मोजला, तर तीनशेच्या प्लॅनवर चौऱ्याण्णव. मग त्यानं इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: हा माणूस वायर गरजेपेक्षा लांब ओढतो, सगळ्यांचा स्पीड वाटेतच मुरतो, दुसरा माणूस बघू. रविवारी दहाची मीटिंग ठरली.

हिम्मतरावांची निम्मी गिऱ्हाइकं याच इमारतीत. शनिवारी दुपारी त्यांचं ताट तसंच राहिलं.

"तोंडानं सांगून पटतंय होय त्यांना?" बायको, मालनबाई, म्हणाली. "दुकानातली सगळ्यात लांब वायर घ्या आन् दाखवा."

रविवारी ते खांद्यावर वेटोळं घेऊनच मीटिंगला आले. "रेड्डीगारू, दहा मिनटं द्या," त्यांनी सेक्रेटरी रेड्डींना विनवलं. वायरीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. "हे टोक अठरा, ते एकशे आठ. नव्वद झाले का नाही?"

तळमजल्यावरच्या इंटरनेटच्या मुख्य डब्यापासून वायर निघाली, जिन्यानं चौथ्या मजल्यावर गेली, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून, तुळशीच्या कुंडीला वळसा घालून खाली तिसऱ्या मजल्यावर उतरली आणि मिलिंदच्या घरात त्याच्या लॅपटॉपला लागली. दारादारांतून माणसं बघत होती.

"दोनशे शहाण्णव!" मिलिंदची बायको सुजाता ओरडली.

"मग आमच्या पंचवीस मीटरला काय झालंय?" मिलिंद म्हणाला.

"शंभर मीटरपर्यंत लांबीनं काय बी होत नाही, साब. पाण्याचा नळ नव्हं हा." हिम्मतरावांनी घरातल्या वायरीचा प्लग मोबाइलच्या उजेडात धरला. "हे कुणी बसवलं?"

"आमच्या इंजिनिअरसाहेबांनी," सुजाता म्हणाली. "यूट्यूब बघून."

"आत आठ तारा असतात. ही तपकिरी बघा, आतपर्यंत पोचलीच नाही. मग तीनशेचा शंभराच्या आत येतो. बंद पडत नाही ना, म्हणून कळत नाही."

मिलिंदनं वाकून ती तार बघितली. हिम्मतरावांनी टोक कापलं, आठही तारा रंगानं लावल्या, नवा प्लग दाबला. दोनशे सत्त्याण्णव.

"मीटिंग क्लोज," रेड्डीगारू म्हणाले. "हिम्मतरावच राहणार. चला, खाली मीटिंगची इडली गार होते."

"चूक माझी," मिलिंद सगळ्यांदेखत म्हणाला. "ग्रुपवर पण लिहितो."

"लिहा की, कायकू नक्को म्हणू? पण आधी चौथ्या मजल्यावर जावा. तुम्ही वरून सोडा, मी खाली गुंडाळतो."

मिलिंद गेला. वायर कुंडीत अडकली, कठड्यात अडकली, एकदा त्याच्याच पायात अडकली, आणि मीटिंगला जमलेली बावीस घरं इडलीच्या बशा हातात घेऊन जिन्यातून वर बघत त्याला सांगू लागली, "हळू, साब, हळू!"