देवाने मोकळी सोडलेली जागा

राम ऐकतो, पण त्याला सारखी आठवण करून द्यावी लागते, अशी माझी पक्की समजूत होती. त्या वर्षी तर मी त्याला क्षणाचा विसावा दिला नाही. आमची दोन मुलं जन्मताच गेली होती. अडतिसाव्या वर्षी बायकोला पुन्हा दिवस गेले, आणि मी जेवताना, बसमध्ये, व्हायोलिनच्या तारा लावतानासुद्धा नाम घेऊ लागलो. थांबलो तर तो दुसऱ्या कुणाकडे निघून जाईल, ही भीती.

आम्ही तंजावरकडचे मराठी, पोटासाठी मद्रासला आलेलो. सकाळी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचं, संध्याकाळी कचेरीत, म्हणजे तिकडच्या गाण्याच्या मैफलीत, गवयाच्या साथीला बसायचं. गवई श्वासाला थांबला की त्याची ओळ आपण उचलायची, हा साथीचा धर्म. दुसऱ्याच्या श्वासात शिरण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात, अख्ख्या मैलापुरात कुणी नाही, असं बायको म्हणे. कौतुकाने नव्हे.

त्याच सुमारास युरोपातून एक म्हातारा ज्यू संगीतकार आला. सृष्टीच्या उत्पत्तीवर त्याने मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केली होती. वादक कमी पडले म्हणून आम्हा स्टुडिओवाल्यांना बोलावणं आलं. पहिल्या तालमीत सगळी वाद्यं गर्जत वर चढली, मग एकेक करत मिटली. पुढे कागदावर बारा ठोके कोरे होते. माझ्या हाताने कागद वाचलाच नाही. मी शेवटची ओळ उचलली, गमकांसकट, आणि चांगली लांबवली.

म्हाताऱ्याने वाद्यवृंदाला इशारे द्यायची छडी खाली ठेवली.

"फार गोड," तो म्हणाला. "पण आमच्या जुन्या गूढविद्येत सांगतात, आधी सगळीकडे देवच भरलेला होता. जगाला उभं राहायला जागा नव्हती. म्हणून त्याने स्वतःला आत ओढून घेतलं. एवढ्या कष्टाने त्याने जागा केली, आणि तू लगेच तिथे खाट टाकलीस?"

सगळे हसले. मीही हसलो, पण राहवेना. "मागे सरला, म्हणजे सोडून गेला का?"

"आई पोटात लेकराला जागा करते, तेव्हा ती कुठे जाते?" तो म्हणाला आणि छडी उचलली. माझ्या घरचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. प्रसूतिगृहाच्या दारात मी पुटपुटत उभा. सिस्टर म्हणाली, "सार, बाळंतपण आम्ही करायचं की तुम्ही?" आतून बायकोचा आवाज आला, "अहो, जा तुम्ही वाजवायला. तुमचं ऐकत बसले तर माझी कळ चुकते."

गेलो. वाजवलं. ती कोरी जागा आली. सवयीने नाम ओठांवर आलं, आणि एकदम मला फार दमल्यासारखं झालं. मनात म्हटलं, रामा, आता तुझं तू बघ. बारा ठोके मी नुसता बसून राहिलो. हात रिकामे, तोंड रिकामं. कुणी निघून गेलं नाही. इतक्या जवळ कुणी आहे, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मग एका बासरीने एकच स्वर लावला आणि माझे डोळे भरून आले.

प्रसूतिगृहात पोचलो तर सिस्टर दारातच. "मुलगी झाली. आधी रडेचना. आम्ही सगळ्या श्वास धरून उभ्या. मग अशी रडली की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली."

हे किती वाजता घडलं, असं मला आजवर प्रत्येकाने विचारलंय. मी सिस्टरला विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही, नंतर गरज वाटली नाही. नाम मी अजून घेतो, पण पहाऱ्यावर बसल्यासारखं नाही. ज्याने जग सांभाळलंय, त्याला मी जागं ठेवायची गरज नसावी. त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या देवालाही मी रोज नमस्कार करतो. राम रागावत नाही.

मुलीला हातात घेतल्यावर मी काय म्हणालो, ते बायकोला विचारा. ती सांगते, "काही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा हे गप्प बसले, आणि मला शांत झोप लागली."