हळदीची वाटी आणि चार बिब्बे

ती घटना आजही आठवते, पण माझ्या हुशारीमुळे नव्हे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नवा फौजदार होतो आणि वर्दीपेक्षा माझ्या डोक्यालाच जास्त कडक इस्त्री होती. बोळिंजच्या बाजूला तेव्हा इमारती नव्हत्या, केळी-आंब्याच्या वाड्या होत्या. मे महिन्यातल्या एका सकाळी तिथला एक बागायतदार तणतणत ठाण्यात आला.

"काल पोरीला हळद लागली, आज तिचं तोंड सुजलंय," तो म्हणाला. "परवा लगीन आहे. माझ्या भावजयीनं हळदीत बिब्बा कालवला."

बिब्ब्याचा चीक कातडीला लागला की फोड उठतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोघा भावांत वाडीच्या वाटणीवरून तंटा होता. तरी लग्नात भावकी टाळता येत नाही, म्हणून काकी हळदीला आली होती. ठाणे अंमलदाराने तक्रार लिहून घेतली आणि मी मुलीला पाहून आलो. ओठ जाड झालेले, तोंडाभोवती पुरळ, उजव्या हाताच्या बोटांवर पाण्याचे फोड. डॉक्टर मलम देऊन गेले होते, जिवाला धोका नव्हता. पण आईचा धीर सुटला होता. "मुलाकडचे उद्या येतायत. ही अशी दिसली तर उठून जातील," ती म्हणाली.

पंच बोलावून हळदीची वाटी जप्त केली. काकीच्या घराची झडती घेतली, तर मसाल्याच्या डब्यामागे पुडीत चार बिब्बे. केस सुटली असं समजून मी काकीला ठाण्यात आणलं. महिला शिपाई नव्हती, म्हणून पोलीस पाटलांच्या पत्नीला सोबत बसवलं.

"हळदीआधी पुतणीला कधी भेटलात?" मी विचारलं.

"नाय भेटले. वरसभर बगितली पन नाय," ती म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

खोटं बोलताना माणसाचे हात काहीतरी चाळा शोधतात, एवढं मी तोवर शिकलो होतो. बाई खोटं बोलते, म्हणजे बाईच गुन्हेगार, असं सरळ गणित मी मांडलं. आवाज चढवला, कोठडीची भीती घातली. दुपारपर्यंत तिचं एकच उत्तर होतं. समोरचा चहा तिने घेतला नाही.

तीनच्या सुमारास आमचे परीट वर्दीचे कपडे घेऊन आले. वय झालेलं, नसत्या चौकशीची सवय. टेबलावरची पुडी पाहून त्यांनी विचारलंच. मी प्रकार सांगितला.

"मंग मलापन आत घाला," ते म्हणाले. "कपड्यांवर खुना करायला माज्याकडे पिशवीभर बिब्बे हायेत. गावात कोनाच्या घरात नसतात? आनि हळद तर पायांनापन लावतात. पोरीच्या पायांवर फोड हायेत?"

"नाहीत. तोंडाभोवती आणि बोटांवरच आहेत."

"मंग तिनं कैरी सालीसकट खाल्ली असंल. ज्याला बिब्बा उततो त्याला आंब्याचा चीकपन उततो. मला दोनी उततात. आनि तुमी कालची हळद धरून बसलात. खाल्ल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं ते."

वाटीचा पंचनामा मी केला होता. पोरीने परवा काय खाल्लं, हे मात्र विचारलं नव्हतं.

पुन्हा तिच्या घरी गेलो. बापाला अंगणात थांबवून तिला विचारलं. तिने तोंड फिरवलं. मग मी म्हणालो, "काकींना सकाळपासून ठाण्यात बसवलंय." घरात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती रडत उठली.

"परवा मी काकीला भेटायला गेलते. बाबा म्हनाले होते, तिकडं पाय ठेवलास तर लगीन मोडीन. म्हनून विहिरीमागं भेटलो. लहानपनी काकीच मला आंबा सोलून द्यायची, साल लागली की माजे ओठ फुटायचे. परवा ती सुरी आनायला उठली, तर मीच म्हटलं, बस माज्यापाशी. आनि कैरी तशीच खाल्ली."

दाराआड बाप ऐकत होता.

ठाण्यात परत येऊन मी काकीला विचारलं, "कशानं झालं ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"तोंड सुजलं म्हनालात तवाच."

"मग सांगितलं का नाही?"

"सूज आठ दिवसांत उतरते, साहेब. बापाच्या डोक्यातलं उतरलं नसतं. पोरीचं लगीन मोडलं असतं."

मला लाज वाटली. खोटं पकडता आलं म्हणजे तपास संपला असं नसतं. ते कोणासाठी बोललं जातंय, हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो. माफी मात्र मागितली नाही. खाकी अंगावर असली की ते सुचत नाही, आणि ती अंगावरून उतरेपर्यंत काकी राहिल्या नाहीत.

डॉक्टरांना घेऊन मी मुलाकडच्यांना भेटलो. ही ॲलर्जी आहे, रोग नव्हे, हे त्यांना पटलं आणि लग्न ठरल्या दिवशी झालं. मी साध्या कपड्यांत गेलो होतो. नवरीचे ओठ अजून सुजलेलेच होते. पंगतीत तिच्या पानात कोणीतरी आंब्याची फोड वाढली. शेजारी बसलेल्या काकीने ती उचलली, साल काढली आणि परत ठेवली. तिचा बाप समोरून वाढत येत होता. त्याने ते पाहिलं आणि मुलीच्या वाट्याची दुसरी फोड काकीच्या पानात ठेवली, सोलायला.