फ्लेक्सवर माहा फोटो

बायको सेलूच्या बाजारात वांगे विकत होती. ती गेली हे तिच्या गिऱ्हाइकांना समजावं, म्हणून मी श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायले गेलो. दुकानातली पोरगी म्हणे, "काका, काकूंचा फोटो मोठा घ्या, बाजूले जागा मोकळी सोडा."

"पैसे तं पूर्ण फ्लेक्सचे घेशील, मंग जागा रिकामी काऊन?" मी तिच्याशेजारी तेवढाच माहा फोटो लावला, खाली अख्खं खानदान कोंबलं.

वर्ध्याचा जुना दोस्त हार घेऊन आला. दार मीच उघडलं.

"अबे, तू जित्ता हायेस? फ्लेक्सवर तं दोघंही हायेत!"

नव्या फ्लेक्सवर ती एकटीच ठेवली, मोठी. बाजारात बाया थांबल्या. "अवं, वांगेवाली मावशी गेली!"

मी तिथंच उभा होतो. माह्याकडं कोणी पाह्यलं नाई. बरं झालं, डोळे पुसता आले.