पलंगाखालची बॅटरी

देवमनभाऊंचा राग दर्यापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. अकोट रस्त्यावर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. चष्म्याची काडी वायरने बांधलेली, खिशात टेस्टर. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, चुकीचं काम सांगितलं की तोंडावर सुनावतात. मला लोकांनी आधीच सांगितलं होतं. पण मी अमरावतीच्या कॉलेजात पंचवीस वर्षं इतिहास शिकवलेला, माझ्यावर कोणी आवाज चढवलेला मला खपत नाही.

माझी बायको सीमा इन्सुलिनवर आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर टिकत नाही, म्हणून अकरा वर्षं ती घर सोडून कुठे राहिली नव्हती. रिटायर झाल्यावर मी जुनी सतरा सीटर गाडी घेतली, सीटा काढून आत पलंग, पंखा आणि छोटा फ्रिज बसवला. फ्रिज गाडीचीच बॅटरी खाऊन टाकायचा, तेव्हा दुसरी बॅटरी जोडणं भाग होतं. घरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून होतीच. आमच्या भागात नवी आणली तरी जुनी कोणी टाकत नाही. ती घेऊन मी आणि सीमा देवमनभाऊंकडे गेलो. सीमाच्या इन्सुलिनसाठी फ्रिज चालवायचा आहे, हे मी त्यांना सांगितलं.

त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, मग गाडीत डोकावून, ही कुठे ठेवणार आणि झोपणार कुठे, हे विचारलं. मी पलंगाकडे बोट दाखवलं. खाली बॅटरी, वर सीमा.

"मंग ताईले इन्सुलिन कायले देता? इच्यावरच झोपवा न सर, एकाच टायमात काम होते."

चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. पुढेही बरंच बोलत होते. घरची बॅटरी एका जागी बसणारी असते, रस्त्याने उसळली की ॲसिड सांडतं, तिचा वायू बंद गाडीत कोंडतो, आणि गाडीची बॅटरी नि ही सरळ जोडल्या तर दोन्ही एकदमच उतरतात. मी ऐकत नव्हतो. कानशिलं तापली होती. बॅटरी उचलून गाडीत टाकली आणि सीटवर जाऊन बसलो. सीमा मागे राहिली, त्यांच्याशी काहीतरी बोलली आणि मुकाट्याने येऊन बसली.

अकोटला एकाने अर्ध्या तासात प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून दिलं, वर चहाही पाजला. असा असतो कारागीर, असं मी सीमाला तीनदा ऐकवलं.

शहानूरला झाडाखाली मुक्काम केला. रात्रभर सीमा खोकत होती. धूळ असेल, असं मी म्हणालो आणि कूस बदलली. दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर गाडीने हूं की चूं केलं नाही. फ्रिज बंद, आत कोमट. मी बॉनेटवर बुक्क्या मारल्या, अकोटच्या त्या माणसाला शिव्या घातल्या, फोन लावला तर तो उचलेना. सीमाने इन्सुलिनच्या बाटल्या डब्यात घालून माठात ठेवल्या, माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि देवमनभाऊंना फोन केला. त्यांचा नंबर तिने त्या दिवशीच घेऊन ठेवला होता.

दुपारी ते जीपने आले. टपावर नवी बॅटरी, हातात पिशवी. माझ्याकडे न बघता त्यांनी गादी उचलली, फळी काढली. जुन्या बॅटरीभोवतीचं प्लायवूड ॲसिडने खाल्लं होतं. गादी खालून भोकं पडून जळाली होती, जिथे सीमाचं डोकं येतं बरोबर तिथे. दोन रात्रींचं तिचं खोकणं मला आठवलं.

देवमनभाऊंनी नवी बॅटरी गाडीच्या बाहेर, खालच्या सामानाच्या पेटीत बसवली. फ्रिजची वायर तिला जोडली. मध्ये रिले घातला, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील, एरवी अलग राहतील. दोन्हीकडे फ्यूज लावले. प्रत्येक वायरला चिकटपट्टी गुंडाळून वर पेनाने तारीख लिहिली. सगळं करताना त्यांची बडबड चालूच होती, आणि या वेळी मी शब्द न् शब्द ऐकला. जीपच्या बॅटरीवरून वायर लावली तशी गाडी सुरू झाली. फ्रिज घरघरला.

ते गेल्यावर माझा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. तो सीमावर निघाला. त्या दिवशी त्यांचं सगळं ऐकलं होतंस, मग माझ्याशी का बोलली नाहीस, असं मी तिला दरडावून विचारलं.

सीमा माठावरचं फडकं सोडत होती.

"बोलली असती तं तुमी चार दिवस अबोला धरला असता. त्यापरीस खोकला बरा."

मी माठातून डबा काढला आणि बाटल्या एकेक करून फ्रिजमध्ये ठेवल्या.