घ चा ध

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. पुस्तक वाचायचं, नवा शब्द दिसला की तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचा, खाली पुस्तकाचं नाव नि पान टाकायचं आणि चिठ्ठी त्या त्या अक्षराच्या खणात सोडायची. अक्षर असं की छापखान्यानं हेवा करावा. स्वभाव मात्र नाकावर माशी बसू न देणारा. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की ती आत जाऊन दुकानदाराला चार शब्द सुनावायची, आणि ज्यासाठी गेली तेच आणायला विसरायची. मग घरी नणंद विचारायची, "वहिनी, शुद्धलेखन आणलंस, साखर कुठाय?"

नणंद धाकटी, बिनलग्नाची, मुलांसाठी कविता लिहिणारी. चिठ्ठीबाईचा नवरा गेल्यावर घरात या दोघीच उरल्या. दिवसातून चारदा भांडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

चिठ्ठीबाईच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि कोशाची नवी आवृत्ती निघायची होती. संपादक तिच्या मुलाच्या वयाचा, पण माणूस सरळ. त्यानं एक नोंद तिच्यापुढे ठेवली. 'धोळ. स्त्री. एक वनस्पती.'

"बाई, कसली वनस्पती? झाड, वेल, गवत?" तो म्हणाला. "जुन्या मंडळींना झाड ओळखता आलं नाही की 'एक वनस्पती' लिहून मोकळे. जाणकारांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. आधार दोनच. एक औषधांचं हस्तलिखित, दुसरी तुमच्या नणंदेची कविता. हस्तलिखित एकदा बघून घ्या आणि शनिवारपर्यंत सांगा, ठेवायची की काढायची."

कविता कुणाला ठाऊक नव्हती? शाळेच्या पुस्तकात आलेली नणंदेची ती एकुलती एक.

कुणी लावली, कुणी पाहिली?
दारामागे धोळ फुलली.

मुलं ती टाळ्या वाजवत म्हणायची. त्यांची पत्रं अजून यायची, आणि नणंद प्रत्येकाला उत्तर लिहायची.

चिठ्ठीबाईनं कपाटातून हस्तलिखित काढलं, पान शोधलं, भिंग धरलं. तो ध नव्हताच. घ होता, डोक्यावरची रेघ तेवढी उडाली होती. घोळ. जमिनीसरपट पसरणारी, जाड पानांची, वाफ्यातून उपटून कंटाळा यावा अशी साधी रानभाजी, घोळ. मग तिनं जुनी चिठ्ठी काढली. तिच्यावरचं अक्षर ओळखायला भिंगाची गरज पडली नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यातली, तिचीच होती.

लोक ध चा मा करतात. हिनं घ चा ध केला होता, आणि तो कोशात इतकी वर्षं सुखानं नांदत होता. आपलं नाव जाईल याचं तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाटलं ते नणंदेसाठी. वहिनीच्या कोशावर भरवसा ठेवून बिचारीनं कविता केली. आता शब्द काढला तर कविता खोटी पडणार, ठेवला तर कोश. हस्तलिखित गुपचूप कपाटात सारावं, कोण बघतंय, असंही क्षणभर मनात आलं. त्याची तिला इतकी लाज वाटली की ती वेळेआधीच घरी निघाली.

नणंद खिडकीशी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसली होती. चिठ्ठीबाईनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"धोळ नावाचं काही नसतं," ती म्हणाली. "घोळ होती ती. मी चुकीचं वाचलं."

नणंदेनं चष्मा काढला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"कविता लिहिली त्याच्या आधीपासून. कोश छापून आला, त्यात नाव आवडलं, म्हणून रोप शोधायला निघाले. तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या. शेवटी एक माळी म्हणाला, ताई, घोळ म्हणत असाल तर हवी तेवढी फुकट न्या."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू अजून कायम झाली नव्हतीस. रोज जेवताना दादाला सांगायचीस, ज्या शब्दाचा वापर सापडत नाही तो आधी तपासायला काढतात म्हणून. म्हटलं, शब्द तपासला की वहिनी सापडणार. वापर नव्हता, मग मी केला."

"म्हणजे कविता माझ्यासाठी लिहिलीस?"

"मग काय झाडासाठी? झाड होतं कुठे?"

चिठ्ठीबाईला रडू आलं. रडता रडता तिनं नणंदेला मूर्ख म्हटलं, कोशाला कुणी खोटा आधार देतं का म्हणून झापलं, आणि पदर ओला होईपर्यंत तिचा हात काही सोडला नाही.

शनिवारी तिनं संपादकापुढे हस्तलिखित ठेवलं, जुनी चिठ्ठी ठेवली आणि शेजारी एक नवी. 'धोळ. स्त्री. फक्त कवितेत फुलणारी एक वनस्पती. हस्तलिखितातील घोळ हा शब्द चुकीचा वाचल्यामुळे आलेला शब्द.' पुढे चुकीचं वाचणारीचं, म्हणजे स्वतःचं पूर्ण नाव. खाली उदाहरण म्हणून त्या दोन ओळी आणि कवयित्रीचं नाव.

"चूक कुणाची ते कोशात लिहीत नाहीत, बाई," संपादक म्हणाला.

"शब्द कुठून आला ते लिहितात ना? हा माझ्यापासून आला."

संपादकानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं खाली सही केली.

संध्याकाळी चिठ्ठीबाईनं घरी ती नोंद वाचून दाखवली.

"माझं नाव आहे?" नणंदेनं विचारलं.

"उदाहरणाखाली."

"आणि तुझं?"

"चुकीपुढे."

नणंदेनं तिला नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

"बरं झालं, दोघींची नावं एका जागी आली," ती म्हणाली. "दारावरच्या पाटीवर अजून दादाचंच नाव आहे."