अर्ध्या साच्याचे मोदक

मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवू नये, हे मला माहीत होतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर असल्यामुळे हा नियम इतरांसाठी आहे, अशी माझी समजूत होती.

त्या जूनमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या आमच्या हिवाळ्यात, माझ्या सासूबाई ठाण्याला वारल्या. माझी बायको मेधा इथून, अल्बनीहून, तिथे पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परतल्यावर ती कामाला जायची, यायची, जेवायची. बोलायची मात्र नाही. घरात तिच्यापेक्षा छपरावरचा पाऊस बोलका होता. गणपती तोंडावर आले, तेव्हा तिने एवढंच म्हटलं, की नैवेद्याला आईच्या साच्यातले मोदक हवेत. भावाने तो ॲल्युमिनियमचा साचा टपालाने धाडला. खोकं वाटेत फाटलं आणि साच्याच्या दोन पाकळ्यांपैकी एकच घरी आली. ती हातात धरून मेधा ओट्याशी नुसती उभी राहिली. मला ते बघवेना.

"दुसरी मी ओतून देतो," मी म्हणालो.

(पेनरोजच्या कारखान्यात मी फक्त एक्सेलमध्ये आकडे ओततो, हे तिला माहीत होतं. पण दुःखात माणूस कुणावरही विश्वास ठेवतो!)

गराजमध्ये जुना मायक्रोवेव्ह मांडला. त्याच्या लहरींनी लालबुंद होणारी खास मूस आणली, तिला सिरॅमिकच्या लोकरीत गुंडाळलं आणि तिच्यात एका जुन्या पातेल्याचे तुकडे टाकले. पहिल्या खेपेला आतली काचेची थाळी तडकली. दुसऱ्या खेपेला धुराचा अलार्म असा बोंबलला, की शेजारचा बॅरी आग विझवायचा सिलिंडर घेऊन कुंपणाशी आला.

"ऑल गुड, मेट?"

"स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं मी इथल्या बोलीत म्हणालो. माझ्या बाहीतून धूर येत होता!

तिसऱ्या खेपेला मात्र ॲल्युमिनियम वितळलं. सासूबाईंच्या पाकळीचा वाळूत हुबेहूब ठसा घेतला होता, त्यात रस ओतला. पाकळी इतकी सुबक निघाली, की मी ती रुमालात गुंडाळून मेधाला नेऊन दिली. तिने दोन्ही पाकळ्या जुळवून पाहिल्या. उलटसुलट करून पाहिल्या.

"अरे, ही पण डावीच आहे."

हुबेहूब ठशातून हुबेहूब डावीच निघणार! एका पायाच्या दोन चपला तशा दोन पाकळ्या. बिजागरी काही जुळेना. चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी मेधाने उकड काढली. आईच्या पाकळीत सारणासकट गोळा दाबला आणि उघड्या बाजूला स्वतःचा तळवा लावला.

"अर्धा पुरेल," ती म्हणाली. "दुसरी बाजू मी धरते."

प्रत्येक मोदकाला एकीकडे आईच्या साच्याच्या कळ्या होत्या, दुसरीकडे मेधाच्या बोटांचे ठसे. ते ताटात मांडताना आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्यासमोर रडली, अगदी हमसून. मीही रडलो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हणालो, "पुढच्या वर्षी उजवी नक्की ओततो."

ती डोळे पुसत उठली, कात्री घेऊन गराजमध्ये गेली आणि मायक्रोवेव्हची वायर कापून आली. ती इंजिनिअर नाही, त्यामुळे कापण्याआधी तिने प्लग काढला होता.